उभ्या गाडीची भूक

“पोरी, उभी हाय म्हणून ती खात न्हाय असं समजू नको. पावसाला होडी वर घेतली की तुझे सासरे पयली बॅटरीची तार सोडायचे.”

तारोडी गावच्या घराच्या अंगणात, गाडीत बसता बसता संचिताने हे ऐकलं आणि ती हसली. “आई, ही गाडी आहे. हिच्यात सगळं आपोआप असतं.”

“बरं बाय. तुझी गाडी शिकलेली,” जिजाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, ते बोलणं माझ्याबद्दल होतं. मी त्या गाडीची बॅटरी. आता मीरा रोडच्या एका दुकानामागे, माझ्यासारख्याच थकलेल्यांच्या ढिगात पडून आहे.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, आम्ल भरलं आणि मी संचिताच्या नवऱ्याच्या, निकेतच्या गाडीत आले. किल्ली फिरली की एका दमात इंजिन उठवायचे. निकेत कौतुकाने बॉनेट थोपटायचा. दर रविवारी आम्ही त्याच्या आईकडे तारोडीला जायचो. जिजाबाई एकट्याच राहायच्या. गाडीचा आवाज ओळखून त्या आधीच दारात उभ्या असत.

मग मीरा रोडला, आम्ही राहायचो त्या पूनम सागर वसाहतीत, कुणीतरी गाडीला ओरखडा काढला. संचिताचा जीव मुळातच काळजीचा. तिने उभ्या गाडीतही चालू राहणारा कॅमेरा बसवून घेतला. भाजी चिरताना, लेकीला, छोट्या रुचिताला भरवताना ती मोबाईलवर गाडी बघायची. ती बघायची तेव्हा तेव्हा कॅमेरा माझ्यातला एक घोट प्यायचा. तसाच लावून ठेवलेला मोबाईलचा चार्जर, चोरीचा इशारा देणारा सायरन, तेही थोडं थोडं घेत.

गाडी धावली असती तर मी पुन्हा भरले असते. पण रविवार चुकू लागले. कधी रुचिताला ताप, कधी निकेतची ड्युटी. मला बोलता येत नाही. दार उघडल्यावर आतला दिवा मंद लागायचा, तेवढंच माझं सांगणं.

जिजाबाई फोनवर म्हणायच्या, “मी बरी हाय गं. सवड झाली की या.”

“निकेत, आईंचा आवाज बारीक वाटतोय,” संचिता एकदा म्हणाली. “या रविवारी जायचंच.”

रविवारी तिने शिऱ्याचा डबा घेतला, रुचिताला मागे बसवलं. किल्ली फिरली. माझ्याकडून नुसती टकटक झाली.

“बसने जाऊया का?” निकेतने विचारलं.

“एवढ्या उन्हात, हिला घेऊन? पुढच्या रविवारी जाऊ. आईंना कळव.”

त्याने तिथूनच फोन लावला. “हरकत न्हाय रं,” जिजाबाई म्हणाल्या. “बोंबील ठेवते तुमच्यासाठी.”

पुढचा रविवार यायच्या आधीच, एका सकाळी शेजारच्या चंपाने जिजाबाईंचं दार वाजवलं. ते आतून उघडलं नाही. जिजाबाई रात्रीच झोपेत गेल्या होत्या; चंपाने निकेतला फोन केला.

निकेतने घाईघाईत नवी बॅटरी बसवून घेतली, मला डिकीत टाकलं आणि गाडी तारोडीला निघाली. अंगणात गाडीचा आवाज आला. दारात जिजाबाई नव्हत्या. सगळं आटोपल्यावर चंपाने कागदाची पुडी संचिताच्या हातात दिली. “तुमच्यासाठी ठेवलेले. रोज उन्हात घालायच्या.” सुके बोंबील होते. संचिता ती पुडी मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिली. मग हात वर करून तिने कॅमेऱ्याची वायर ओढून काढली.

मित्रांनो, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॅमेरा बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची काळी तार सोडून ठेवा. नाहीतर आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवून आणा. विसरलात, तरी माझ्या जागी दुसरी मिळते.

पण तुमचं कुणी एकटं राहत असेल आणि फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणत असेल, तर गाडी सुरू होवो न होवो, आज जाऊन तिला बघून या.