झेराफा मास्तरांची अट

“आकडा कसा काढायचा ते शिकव, लोरेता. कुठे काढायचा ते सांगायचं नाही. बोटसुद्धा दाखवायचं नाही.”

झेराफा मास्तरांचा आवाज माझ्या कानात होता आणि समोर उर्सोला मावशी पाटीवर तीनाचा आकडा काढत होती. तिचा तीन उलटा पडला, तोंड फिरवून बसलेला.

“हा असा कुठे बघतोय?” मी विचारलं.

“चर्चकडे. उपास चालू आहेत ना,” मावशी म्हणाली.

गल्लीतल्या चौघीजणी हसल्या. दुपारचं ऊन दारादारांत आलं होतं आणि भिंतीला टेकवलेल्या लांब उशांवर लेस विणायच्या, धागा गुंडाळलेल्या लाकडी गुट्ट्या खळखळत होत्या. आमच्या गोझो बेटावरच्या या बाया दोनशे धागे डोक्यात मोजत. एक धागा चुकला तर डोळे मिटूनही त्यांना कळे. पण पेन्सिल हातात दिली की तीच बोटं लाकडासारखी ताठ होत.

मतदानाला तीन आठवडे होते. आमच्याकडे मतपत्रिकेवर नावांसमोर आकडे घालायचे असतात. पहिली पसंती त्याला एक, मग दोन, मग तीन. ज्याला लिहिता येत नाही त्याने टेबलापुढे उभं राहायचं आणि मतदान केंद्रावरच्या साहेबांना तोंडाने सांगायचं. साहेबांच्या शेजारी सगळ्या पक्षांची माणसं बसलेली.

मागच्या खेपेला उर्सोला मावशीने असंच सांगितलं होतं.

“आठ पुरुष होते,” ती म्हणायची. “पापनिवेदनाला एक फादर असतो, तोही जाळीआड. इथे आठ, आणि एकाच्याही तोंडाला जाळी नाही. मी घरी पोचायच्या आत माझ्या भावाला कळलं होतं.”

भाऊ चार वर्षं तिच्याशी बोलला नाही. समोरासमोर घरं, आणि ईस्टरची बदामाची पोळी ती दर वर्षी उंबऱ्यावर ठेवून यायची. यंदा तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. हाताने लिहिता आलं तर मतदान, नाहीतर घरात बसून जपमाळ.

मास्तर आमचे खासदारही होते. त्यांनी संसदेत यावर ठराव मांडला होता. निरक्षर माणसालाही गुपचूप मत देता यावं, म्हणून उमेदवारांची चित्रं छापा, असं ते म्हणाले. सभागृह हसलं. मास्तरांची एक सवय होती, लोक हसले की ते हसणं संपेपर्यंत थांबायचे आणि मग अडलेल्या वाक्यापासूनच पुढे बोलायचे. त्या दिवशी तीनदा थांबले. ठराव पडला. पुढच्या बोटीने घरी आले आणि संध्याकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठून म्हणाले, “कायदा होत नाही म्हणतात. मग पाटी घेऊ या.”

तेव्हाच त्यांनी ती अट घातली, आणि मी हो म्हटलं.

विस्तिन झेराफा आमच्या शाळेत पाचवीला शिकवत. त्या काळी लोक म्हणत, आपली भाषा शिव्या द्यायला आणि जपमाळ म्हणायला ठीक आहे, तिच्यात कादंबरी कसली लिहिता? त्यांनी लिहिली. मिठागरात राबणाऱ्या एका बाईची गोष्ट, साप्ताहिकात दोन वर्षं येत होती. दर शुक्रवारी मी ती गल्लीत मोठ्याने वाचायची आणि बाया गुट्ट्या न थांबवता ऐकायच्या. नंतर चाळिशीत त्यांनी स्वतःचा छोटा पक्ष काढला. दोन मोठ्या पक्षांमध्ये चिमटीत सापडलेला, पण पहिल्याच निवडणुकीत त्याचे तिघे निवडून आले. मास्तर चार वर्षं संसदेत बोलले ते आमच्या पिण्याच्या पाण्यावर, बोटीवर, आणि सरकारी कागद लोकांच्या भाषेत असावेत यावर. त्यांचा कोट एकच होता. बाकी दोघे केव्हाच मोठ्या पक्षात गेले होते. आता पक्ष म्हणजे मास्तरांची एक जागा. ती गेली की चौकातली पक्षाची पाटीच उतरवायची.

मी ती जागा देवाकडे मागितली होती. निकाल लागेपर्यंत कॉफीत साखर नाही आणि दर शनिवारी ता पिनूच्या माउलीच्या देवळापर्यंत अनवाणी, असं व्रत घेतलं होतं.

दोन आठवड्यांत मावशीचा तीन सरळ झाला. आठ तर तिने असा काढला की मीच बघत राहिले, एकही जोड दिसेना. “लेसमध्ये हा रोज काढते,” ती म्हणाली. “त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं.” गल्लीतल्या आणि पलीकडच्या उतारावरच्या मिळून एकेचाळीस बाया लिहायला लागल्या.

आणि मग नार्दू आला.

नार्दू न्हावी. मोठ्या पक्षाचा कार्यकर्ता, जिभेवर खडीसाखर. हातात संतांच्या चित्रांचा गठ्ठा. दारादारांत एकेक चित्र देत चालला होता.

“घ्या मावशी, संत जोसेफ. आशीर्वाद घेतलेला आहे. मतदानाला बरोबर न्या. कागदाच्या वरच्या कडेला संतांचं डोकं लावायचं. पाय जिथे येतील तिथे एक लिहायचा. बस्स. संतच वाट दाखवतील.”

मी हातातली पाटी खाली ठेवली. “नार्दू, संतांना फूटपट्टी केलंस?”

“संत जोसेफ सुतारच होते लोरेता, मापाचं काम त्यांना नवं नाही.” तो हसला. “रागावू नकोस गं. तू पीठ मळलंस, मी भाकऱ्या थापतोय. तुझे मास्तर काय करतायत? कादंबरी?”

तो गेल्यावर मी घरी जाऊन गुडघे टेकले, पण प्रार्थना लागेना. डोळ्यांसमोर मतपत्रिका येत होती. नावं आडनावांच्या क्रमाने असतात. झेराफा, इंग्रजी झेडवरून. सगळ्यात खाली. मला चित्र नको, फूटपट्टी नको. फक्त ‘शेवटची ओळ’ एवढं म्हणायचं होतं. एकेचाळीस बाया माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या. मागच्या खेपेला मास्तर तेवीस मतांनी आले होते.

मी तडक त्यांच्या घरी गेले. ते जेवणाच्या टेबलावर मुलांच्या वह्या तपासत होते. बाजूला टोमॅटो चोळलेला पाव, त्यावर तेल आणि केपरच्या खारट कळ्या. अर्धा खाल्लेला.

“मला शब्दातून सोडवा,” मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी नार्दूचं सगळं सांगितलं. चित्राची युक्ती ऐकून त्यांना हसू आलं, ते मला आवडलं नाही.

“हुशार आहे,” ते म्हणाले. “पाचवीत असताना कंटाळा करायचा.”

“मास्तर, दोन शब्द आहेत. मी म्हणते ते कुणाला कळणारही नाही.”

“तुला कळेल. उर्सोलाला कळेल.”

“तिला तुम्हीच हवे असाल तर?”

“तर तिला माझं आडनाव शोधू दे. कुणाला कुणाचं नाव ओळखायचं असेल तर सगळ्यांची नावं छापलेला कागद दाखव, वाचून दाखव, वरपासून खालपर्यंत, सारख्या आवाजात. तुझा आवाज शेवटच्या ओळीवर चढतो हे मला ठाऊक आहे. तो चढवू नकोस.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले. “तुम्ही हराल. मग आमच्यासाठी त्या सभागृहात कोण उभं राहणार? तुमच्या या सोवळेपणाची किंमत आम्ही द्यायची?”

त्यांनी समोरची वही मिटली. “देणार आहात,” ते म्हणाले. “ते मला दिसतंय. झोप लागत नाही, ती त्यामुळेच.” मग पावाचा तुकडा उगाच फिरवत म्हणाले, “गोष्ट लिहिताना मी एखाद्या बाईच्या तोंडात माझं वाक्य कोंबलं की ती तिथेच मरते, लोरेता. पानावर नुसती बाहुली उरते. कोंबलंय मी, म्हणून सांगतो. आठ पुरुषांपुढे ती उभी होती तेव्हा मत तिचं नव्हतं. चित्र लावून दिलं तरी तिचं नाही. शेवटची ओळ सांगितलीस तरी नाही.”

“आणि नार्दूच्या चित्राने तुम्ही पडलात तर?”

“तर एवढं तरी होईल, आकडा तिने काढलेला असेल.”

मी त्यांच्या बाजूची नव्हते, त्या घडीला तरी. पण शब्द दिला होता. येताना वाटेत मी जपमाळेचं एक रहस्य, दहा मण्यांची प्रार्थना, म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत छापलेला कागद समोर धरून सगळी नावं वाचली. वरपासून खालपर्यंत. सारख्या आवाजात. शेवटच्या ओळीला माझा आवाज चढू लागला, तो मी खोकला काढून दाबला.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग होती. उर्सोला मावशी काळी शाल घेऊन माझ्या पुढे उभी. टेबलामागे यंदाही आठ जण, साहेब आणि पक्षांची माणसं, त्यात नार्दूही.

साहेबांनी वर न बघता विचारलं, “आजी, वाचता येतं का?”

“नाही,” मावशी म्हणाली.

नार्दूने खुर्ची पुढे ओढली. साहेबांनी टेबलापुढची जागा दाखवली.

“वाचता येत नाही म्हटलं,” मावशी म्हणाली. “लिहिता येतं. कागद द्या.”

साहेबांनी आता मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि कागद दिला. मावशी फळीच्या आडोशाला गेली. बाहेरून फक्त तिच्या चपला दिसत होत्या, शेजारी शेजारी, चर्चमध्ये असाव्यात तशा. फार वेळ लागला. कुणीतरी मागे कुरकुरलं, तर दुसऱ्याने त्याला गप्प केलं. ती बाहेर आली, पेटीत कागद टाकला आणि आठही जणांसमोरून, कुणाकडे न बघता, दाराबाहेर गेली. तिच्या मागून त्या दिवशी आमच्या बाया एकामागून एक गेल्या. एकीनेही तोंडाने मत सांगितलं नाही.

मोजणी मोठ्या बेटावर तीन दिवस चालली. एकेक उमेदवार बाद होई आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जात. भिंतीवरच्या रेडिओच्या पेटीपुढे आम्ही बसून होतो. शेवटच्या फेरीत मास्तर सतरा मतांनी पडले.

सतरा. मी आत जाऊन कॉफी केली, बिनसाखरेचीच प्यायले. माउलीला काही विचारलं नाही. तिलाही काही अटी असतील.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारच्या बोटीने आले. नार्दूच्या लोकांची बँड वाजवत मिरवणूक निघाली होती, ती बाजूला होऊन त्यांनी जाऊ दिली. नार्दूने टोपी काढली. ते मात्र त्याने मनापासून केलं. मग मास्तर आमच्या गल्लीत आले आणि उर्सोला मावशीच्या दारातल्या बुटक्या खुर्चीवर बसले.

“मास्तर,” मावशी म्हणाली, “मी कुणाला दिलं ते तुम्हाला सांगते.”

“नको.”

“अहो, ऐकून तर—”

“नको, उर्सोला. माझी बायकोसुद्धा मला सांगत नाही.”

सगळ्या हसल्या. मास्तरही हसले. समोरच्या घरात मावशीचा भाऊ खिडकीशी उभा होता, चेहऱ्यावर नुसतं कुतूहल. चार दिवस तो गावभर विचारत फिरत होता, बहिणीने मत कुणाला दिलं म्हणून. कुणालाच माहीत नव्हतं. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गुट्टी फिरवली. राणीच्या हातांतही तो डौल मी कधी पाहिला नाही.

“आकडे झाले,” ती म्हणाली. “आता अक्षरं हवीत. तुमची मिठागरवाली मला स्वतः वाचायची आहे. ही लोरेता वाचते, पण मधली मधली गाळते.”

माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं.

“गाळते?” मास्तर माझ्याकडे वळले.

“त्या खलाशाचं आलं की हिला खोकला येतो,” मावशी म्हणाली, “आणि खोकला थांबतो तेव्हा त्या दोघांचं लग्न झालेलं असतं.”

गल्लीभर हशा उठला. मास्तर हसणं संपेपर्यंत थांबले. डोळे पुसून म्हणाले, “लोरेता, हिला शिकवशील? न गाळता?”

निवडणूक हरलेला माणूस होता तो, आणि मला दुसरी काही भरपाई करता येत नव्हती. “शिकवीन,” मी म्हटलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी त्यांनी शाळेतल्या एका मुलीच्या हाती मला एक कागद पाठवला. कादंबरीतलं एक पान, स्वतःच्या हाताने, बोराएवढ्या अक्षरांत उतरवलेलं. खलाशाचंच पान होतं. मी ते एकटीने एकदा पूर्ण वाचलं. पाप वाटावं असं काही नव्हतं त्यात. एक दमलेली बाई कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवते, एवढंच.

दोन वाजले. शाल डोक्यावरून घेतली, कागद चुरगळू नये म्हणून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि दार ओढलं. चौकात मास्तर शिडीवर उभे राहून पक्षाच्या पाटीचे स्क्रू काढत होते. मी हाक मारली नाही. खालून, त्यांच्या पाठीमागून, उर्सोला मावशीच्या घराकडे वळले.