झाकण न काढलेली दुर्बीण

मी बोलतेय, खुंटीवरची दुर्बीण. दचकू नका. उभा जन्म दुसऱ्यांना दाखवण्यात गेला, मला काय म्हणायचंय ते कुणी विचारलंच नाही. आता राहवत नाही म्हणून बोलते.

कारखान्यात मला शेवटचं पुसणाऱ्या बाईनं खिडकीतून समोरच्या छपरावरचं कबुतर पाहिलं आणि म्हणाली, "चला, हिला दिसतंय." त्या एका वाक्यावर मी आजवर तोरा मिरवला. मग दुकानाच्या काचेत जाऊन बसले आणि तिथून मला उचललं घड्याळकाकांनी.

घड्याळकाका घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगशी झोंबायचे. आठवडाभर जवळचं बघून डोळे आंबून जायचे, म्हणून रविवारी लांबचं बघायला मी.

थंडी पडली की रविवारी सकाळी त्यांचा चालणाऱ्यांचा गट गावाबाहेर निघायचा. सगळ्यांत पुढे काका, शेवटी त्यांचा जिवलग दोस्त शिंपी, आणि मधे बँकेतल्या ताई, बेकरीवाला असे सगळे. शेतांच्या कडेनं, ओढ्याकाठानं, पार तळ्यापर्यंत. वाटेत बडबड एवढी की पक्षी कसले थांबतायत! पण काकांनी हात वर केला की सगळे जागच्या जागी गप्प. काका मला डोळ्यांना लावत आणि, घड्याळजीच ते, दिशा काट्यांनी सांगत. बारा म्हणजे नाकासमोर. "दहावर. वाळक्या फांदीवर. खंड्या." की सगळ्या माना दहाकडे.

पुढे हळूहळू काकांना माझ्यातून दिसेनासं झालं. माझं चाक इकडे फिरव, तिकडे फिरव, शर्टाच्या टोकानं पूस. एकदा वैतागून म्हणाले, "हिची भिंगं गेली." फार लागलं हो मला! बगळ्याच्या चोचीत तडफडणारा मासासुद्धा मी स्वच्छ दाखवत होते. पण सांगणार कसं? देवानं मला डोळे दिले, तोंड दिलंच नाही.

मग एका सकाळी त्यांच्या पापण्यांचे केस माझ्या काचेला लागले आणि मला कळलं. काका मला डोळ्यांना लावून डोळे मिटून घेत होते. नुसते ऐकत होते. आवाजावरून सांगायचे, "दोनवर, धोबी," आणि तो पक्षी तिथे असायचा. कुणाला संशय आला नाही. घरी मुलाला कळलं असतं तर रविवार बंदच. दुकान केव्हाच बंद झालेलं. रविवारही गेला तर या माणसाजवळ उरणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प. नाहीतरी मी दुसरं काय करणार होते!

गेल्या थंडीत सुनेनं कपाट आवरायला काढलं. माझी झाकणं पहिल्याच वर्षी हरवली होती, ती एका डब्याच्या तळाशी सापडली. तिनं मला मऊ फडक्यानं पुसलं, पुढच्या दोन्ही भिंगांवर झाकणं घट्ट बसवली आणि खुंटीला अडकवलं. "बाबा खूश होतील," स्वतःशीच म्हणाली. मनानं सोन्यासारखी आहे पोरगी. सांगायचं मात्र विसरली.

रविवार आला. गटात एक नवा होता, विमा विकणारा, गळ्यात हा एवढा मोठा कॅमेरा. ओढ्याजवळ काकांनी हात वर केला. सगळे थांबले. मी डोळ्यांपर्यंत वर गेले. अहो काका, झाकण! झाकण काढा! जीव तोडून ओरडत होते मी, पण ऐकू कुणाला जाणार? त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले.

"अकरावर," ते म्हणाले. "त्या झाडाच्या शेंड्याला. खंड्या. काय निळा दिसतोय बघा!"

अकराकडे कुणीच पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

विमावाला फिसकन हसला. "काका, झाकणातून निळा दिसतो होय?"

काकांची बोटं माझ्या भिंगांपाशी आली. त्यांनी झाकणं चाचपली.

"अरे, गंमत केली," ते म्हणाले. "म्हटलं बघू, कुणाचं लक्ष आहे का."

बेकरीवाला हसला, जरा जास्तच मोठ्यानं. शिंपी हसला नाही. तो शेवटून पुढे आला आणि त्यानं काकांचा कोपर धरला.

"चल घड्याळ्या. पुढची वाट निसरडी आहे. आज मी पुढे होतो."

"तुला माहीत होतं?" काकांनी हळूच विचारलं.

"मागच्या थंडीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

अकरावर खंड्या होता का, हे तुम्ही मला विचाराल. मला नाही सांगता येणार. मीही पाहिला नाही.

त्यानंतर काका गेले नाहीत. झाला प्रकार कळल्यावर सून रडली, "मीच मेलीनं झाकणं लावली." काका म्हणाले, "तुझं काय चुकलं, पोरी?" शिंपी दर रविवारी दारात येतो. काका आतूनच सांगतात, "गुडघा धरलाय रे." गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे.

तो गेला की ते मला खुंटीवरून काढतात आणि गॅलरीत बसतात. झाकणं काढतात. अंगठ्यानं चाचपून बघतात, पुन्हा एकदा चाचपतात. मग मला डोळ्यांना लावतात आणि डोळे मिटतात. खाली रस्त्यावर नुसत्या गाड्या. त्यांचे हात भरून येईपर्यंत मी तशीच समोरची भिंत बघत राहते.

तुम्ही त्या गटातले असाल तर एवढं करा. शिंप्याच्या मागोमाग तुम्हीही या. गुडघ्याचं ऐकू नका, हाताला धरून न्या त्यांना. काय दिसतंय ते विचारू नका, काय ऐकू येतंय ते विचारा.

मला न्यायची गरज नाही. मी खुंटीवर बरी आहे.