अनावश्यक थांबा : तीन सेकंद

मी स्टॉपवॉच बोलतोय. खाणीच्या ऑफिसात, एका अर्धवट अहवालावर मला वजन म्हणून ठेवलंय. पंख्याने कागद उडू नये, एवढंच माझं आजचं काम.

माझ्या मालकीणबाई नव्या इंजिनीअर. पोकलेनचं काम मोजायला त्यांनी मला विकत घेतलं. बकेट मातीत घुसली की बटण दाबायचं. माती डंपरमध्ये टाकून ती परत आली की पुन्हा दाबायचं. एक फेरा चोवीस सेकंदांचा. माझा आकडा कधी चुकला नाही. तरीही जे घडलं, ते माझ्यापासूनच सुरू झालं.

"उस्ताद, वळण्याआधी तुम्ही तीन सेकंद थांबता. ते कशाला?" बाईंनी विचारलं. उस्ताद म्हणजे ऑपरेटर. बावीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस.

"मागे शिट्टीवाला उभा असतो. त्याने हात वर केला की वळायचं."

"आरशात दिसतो की तो."

"दिसतो. पण मेव्हणा आहे माझा. त्याला खरचटलं तरी बायको घरात घ्यायची नाही मला."

बाई हसल्या आणि वहीत लिहिलं, 'अनावश्यक थांबा : तीन सेकंद.'

आठवड्याभरात फेरा एकवीसवर आला. साहेबांनी बाईंची पाठ थोपटली. खरं तर खड्ड्यांच्या रस्त्यामुळे डंपर उशिरा यायचे आणि मशीन दर वेळी सहा-सात मिनिटं नुसतं घरघरत उभं असायचं. तेव्हा माझं बटण कुणी दाबलं नाही. रस्ता दुरुस्त करायचा तर साहेबांना हलावं लागतं. उस्तादांना नुसतं हटकलं की भागतं.

काल दुपारी डंपरच्या चाकाआड आलेला दगड काढायला मेव्हणा वाकला. वाकलेला माणूस आरशात दिसत नाही, त्याचा हातही वर होत नाही. पूर्वी उस्ताद त्या हातासाठी थांबले असते. काल ते वळले. मशीनची मागची बाजू मेव्हण्याच्या कमरेवर आदळली. तो पुन्हा चालेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

सकाळी साहेब येऊन गेले. "कारणाच्या रकान्यात ऑपरेटरचा निष्काळजीपणा लिहा आणि विषय मिटवा."

"त्यांची नोकरी जाईल, सर."

"मग काय, तुमची घालवू?"

उस्ताद बाहेर बाकावर बसलेत. मघाशी बाई त्यांना पाणी द्यायला गेल्या. त्यांनी ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "चोवीसच बरे होते, बाई," एवढंच म्हणाले.

आता बाई परत आल्यात. मला बाजूला सरकवून कोऱ्या रकान्याकडे बघत बसल्यात.

बाई, वेळ किती गेला ते मी सांगू शकतो. तो कशासाठी गेला, हे मला कधीच कळत नाही. ते माणसाला विचारावं लागतं. तुम्ही विचारलं होतं, त्यांनी सांगितलंही होतं. आता तेवढं लिहा.

बाईंनी पेन उचललं. बराच वेळ ते कागदाला टेकलं नाही. मग रकान्यात पहिला शब्द उमटला : 'मी'.