पाळीखालच्या घरातला जपानी रेडिओ

मित्रांनो, रेडिओ म्हटलं की तुम्हाला गाणी आठवतील, क्रिकेटची कॉमेंट्री आठवेल. मी त्या घराण्यातला नाही. मी एक जुना, पांढऱ्या अंगाचा आणि केशरी दांड्याचा जपानी रेडिओ आहे, आणि माझा जन्मच मुळी वाईट बातमी सांगण्यासाठी झाला. भूकंप होतो, वीज जाते, मोबाइल मुके होतात, तेव्हा माणसं माझा दांडा गरागरा फिरवतात आणि मी बोलू लागतो. म्हणजे ज्या दिवशी माझी गरज पडते तो दिवस कुणालाच नको असतो. असा जन्म वाट्याला आल्यावर स्वभाव थोडा तिरसट व्हायचाच.

सध्या मी भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या पुढच्या एका गावात, खेमराज नावाच्या मासेमाराच्या घरी खुंटीला टांगलेला आहे. घराच्या मागे तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, आहे. पावसाळ्यात तळं भरलं की पाळीपलीकडचं पाणी या घराच्या कौलांपेक्षा उंच असतं. गावात ही गोष्ट कुणी बोलत नाही. मला मात्र खुंटीवर टांगल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

माझी पहिली मालकीण ओनो आजी. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात ती एकटी राहायची. तिच्या दाराशी कायम एक पिशवी भरलेली असे. पाणी, बिस्किटं, औषधं, चष्मा आणि मी. त्या गावात खांबाखांबावर कर्णे होते, आणि ते चालू आहेत की नाही हे कळावं म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्यावर एक लहानशी धून वाजायची. रस्त्यावर बाण रंगवलेले होते. पाणी आलं तर कुठं पळायचं, कोणत्या टेकडीवर चढायचं, हे तिथल्या मांजरालासुद्धा ठाऊक असेल. नळाला चोवीस तास पाणी, बस ठरल्या वेळेला दारात. मी कौतुकानं पाहत राहायचो.

पण मित्रांनो, त्या बसमध्ये कुणी बसत नसे. शाळेला कुलूप लागलं होतं आणि मैदानात कमरेएवढं गवत वाढलं होतं. ओनो आजीच्या डाव्या हाताचं घर रिकामं, उजव्या हाताचंही रिकामं. लेक दूरच्या शहरात, नातवंडं नव्हतीच. आजी दिवसा म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रावर जायची आणि मला पिशवीतून बरोबर न्यायची. तिथंच मला दामिनी पहिल्यांदा भेटली.

दामिनी ही खेमराजची मुलगी. भंडाऱ्यात नर्सिंग शिकली, नागपूरला जपानी भाषा शिकली आणि जपानमधल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला, भरवायला, उठवायला-बसवायला परदेशी गेली. तिची स्वतःची आई, रेवताबाई, कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. ही गोष्ट दामिनी कुणाला सांगत नसे. ओनो आजीला मात्र तिनं सांगितली होती, आणि आजी तेव्हा बराच वेळ तिचा हात धरून बसली होती.

एके दिवशी दुपारी जमीन हलली. कपाटं कोसळली, दिवे गेले, आणि कर्ण्यांवरून एक बाई शांत आवाजात तेच तेच सांगू लागली: किनारा सोडा, वर जा. त्या आवाजाइतकं भयंकर मी काही ऐकलेलं नाही. दामिनीनं ओनो आजीला पाठीवर घेतलं, मला गळ्यात अडकवलं आणि ती बाणांच्या मागं टेकडी चढत गेली. वर पोहोचल्यावर तिनं वळून पाहिलं, तर जमलेली बहुतेक माणसं म्हातारीच होती. काठ्या टेकत, एकमेकांना धरत ती कशीबशी आली होती. काही जण आलेच नाहीत. त्यांना ऐकू आलं होतं, वाटही ठाऊक होती. पायच नव्हते.

त्या दिवशी लाट लहान आली आणि धक्क्यावरून परत गेली. ओनो आजी म्हणाली, “आमच्या देशात कधी पळायचं हे सगळ्यांना शिकवलं आहे गं. पाठीवर घ्यायला माणूस उरला नाही.” तिनं हे अगदी सहज सांगितलं. दामिनीला रडू फुटलं आणि माझ्यातही नुसती खरखर उरली.

पुढं गावानं सगळ्यांना नवे रेडिओ वाटले. दामिनी सुटीवर घरी निघाली तेव्हा आजीनं मला तिच्या हातात ठेवलं. विचारलं, “तुझ्या गावात पाणी आहे?” दामिनी म्हणाली, “घराच्या मागेच तळं आहे.” आजी म्हणाली, “मग याला ने.”

असा मी या देशात आलो. आणि आल्या आल्या माझे डोळे दिपले, कारण इथं माणसंच माणसं. दामिनी घरी पोचली त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया भाताच्या रोवणीवरून चिखलाच्या पायांनी सरळ तिला पाहायला आल्या. पोरांनी माझा दांडा फिरवून फिरवून मला दमवलं. रेवताबाईला न्हाणीत न्यायला चार हात पुढं यायचे, तिचं जेवण करायला शेजारची गिरजाबाई रोज यायची. ओनो आजीनं हे पाहायला हवं होतं, असं मला कितीदा वाटलं. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, दवाखाना दूर आहे, तरणी पोरं कामाच्या शोधात नागपूर-पुण्याला जातात, हे सगळं खरंच. तरी पाठीवर घ्यायला माणूस आहे.

मग मी कर्णा शोधला. कुठंच नव्हता. बाणही नव्हता.

आता सलंगाबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपतं. तळं भरलं की जादा पाणी जायला पाळीच्या एका टोकाला मोकळी वाट ठेवलेली असते, तिला इथं सलंग म्हणतात. पाणी तिथून जातं म्हणून पाळ वाचते. पण पाण्याबरोबर मासेही जातात. तळ्यात मासे सोडणाऱ्यांची गावात संस्था आहे, खेमराज तिचा प्रमुख. ही मंडळी दर पावसाळ्यात सलंगावर बारीक जाळी ताणून बांधतात. आणि त्यांचा एक जुना नेम आहे: सगळे हिस्सेदार पाळीवर जमल्याशिवाय जाळीला कुणी हात लावायचा नाही. कधीकाळी एकानं गुपचूप जाळी सोडून खाली मासे धरले होते म्हणे, तेव्हापासूनचा हा नेम. चोरी थांबावी म्हणून केलेला, सरळ माणसांनी केलेला.

श्रावणात झड लागली. पाऊस थांबेचना. वाहून आलेल्या बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या, जलपर्णी, पालापाचोळा, सगळं जाळीला जाऊन चिकटलं आणि सलंग जवळजवळ बंद झाला. माझ्यावर नागपूर केंद्र खरखरत लागलं, त्यावर अतिवृष्टीचा इशारा होता. दामिनी बापाजवळ गेली.

“बाबा, जाळी काढा. पाणी तुंबून राहिलं.”

“एकट्यानं कशी काढू वो? साऱ्यायचा हिस्सा हाय त्यात.”

“मंग साऱ्यायले बोलवा.”

“अर्धे लोक रोवणीले गेले. कोणी पवनीले गेला. येतीन तवा पाहू.”

“अन् तोवर पाळ गेली तं?”

खेमराज हसला. “माह्या आज्यानं बी पाळ जातानी नाई पाह्यली. तू जपानात राहून भेकड होऊन राहिली, पोरी.”

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. वर्षभर जपलेले मासे होते, आणि साऱ्या घरांचा विश्वास त्याच्यावर होता. तो विश्वास मोडायची त्याला भीती वाटत होती. पाण्याची भीती मात्र वाटत नव्हती, कारण पाणी त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लख्ख, पिवळं ऊन. सगळ्यांनी हुश्श केलं, बायांनी गोधड्या वाळत घातल्या. मला ते ऊन मुळीच आवडलं नाही, कारण वरच्या रानातलं पाणी अजून तळ्यात उतरत होतं. रेवताबाईनं खाटेवरून हाक मारली, “दामिनी, खाली पाह्य वो. जमीन ओली काहून झाली?” सारवलेल्या जमिनीतून, पाळीकडच्या भिंतीजवळ, पाणी पाझरून वर येत होतं. दामिनीनं बोट लावून पाहिलं. गढूळ होतं, त्यात पाळीची माती होती.

तिनं मग कुणाला विचारलं नाही. मला गळ्यात अडकवलं, आईच्या पुढं पाठ करून बसली आणि म्हणाली, “माय, धर मले.” शाळा उंचावर आहे आणि तिकडं जायची वाट पाळीवरूनच जाते. भर उन्हात, भर गावातून ती आईला पाठीवर घेऊन निघाली.

लोक हसले. का हसणार नाहीत? आभाळ निळंशार, आणि ही आईला घेऊन पळते आहे. “जपान चालली, जपान,” कुणीतरी म्हणालं. पारावर पत्ते खेळणारे उठले, रोवणीवरून जेवायला घरी आलेले बाया-बापे मागं लागले, त्यांत खेमराजही होता, पोरं पुढं धावली. रेवताबाई लाजेनं अर्धी झाली होती. “उतरव मले. सारा गाव पाहून राहिला,” ती पुटपुटत होती. दामिनीचा श्वास मला छातीवर लागत होता. ती उतरवायला तयार नव्हती. अशी सगळी वरात पाळीवर चढली आणि तिथं एकदम थबकली.

पाणी पाळीच्या काठापासून हातभरही खाली उरलं नव्हतं. वारा आला की लाट थेट पायांना लागत होती.

हिस्सेदारांत सगळ्यांत वयस्क होते गोमाजी काका. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग माणसांकडं पाहिलं, एकेक तोंड मोजल्यासारखं. हळूच म्हणाले, “खेमराज, सारे आले पाह्य. आता काढ.”

खरंच सगळे हिस्सेदार होते, पवनीहून परतलेलेसुद्धा. हसायला म्हणून आलेले, पण सगळे.

खेमराजनं कंबरेचा विळा काढला. मुलीकडं त्यानं पाहिलं नाही. दोर कापले, आणि मग सगळ्यांनी मिळून ती कचऱ्यानं जड झालेली जाळी ओढली. सलंग धडधडत सुटला. वर्षभराचे मासे उन्हात चमकत डोळ्यांदेखत निघून गेले. संध्याकाळपर्यंत पाणी चांगलंच उतरलं आणि घरातली ओल वाळायला लागली. दामिनीनं आईला परत आणून खाटेवर निजवलं. मला वाटलं, माझं आयुष्य सार्थकी लागलं.

किती भोळा मी. आठवडाही गेला नाही तोच बोलणी सुरू झाली. “पाळ तं जागच्या जागी उभी हाय. फुटली कुठी?” “पोरीच्या भेवापायी साऱ्यायचे मासे गेले.” गिरजाबाईनं येणं कमी केलं. पाळ फुटली असती तर दामिनी खरी ठरली असती, पण ते पाहायला या आळीत कुणी उरलं नसतं. पाळ वाचली, म्हणून ती खोटी ठरली. मला याचा फार राग येतो, अजूनही.

संस्थेची बैठक आमच्याच अंगणात झाली. असं ठरलं की या खेपेला लोखंडी जाळी आणायची आणि ती सिमेंटच्या खांबांत पक्की बसवायची. म्हणजे कुणी भ्यालं तरी ती निघणार नाही. विचारलं, कोण कोण तयार? हात वर झाले. गोमाजी काकांचा झाला. सगळ्यांत शेवटी खेमराजचा झाला. दामिनी दारात उभी राहून बापाचा हात पाहत होती.

रात्री ती म्हणाली, “माय, मी नाई जात परत.” रेवताबाई म्हणाली, “जा वो. तिथं तुहं आयकतेत तरी.” दामिनी गेली, मला आईपाशी ठेवून गेली.

मित्रांनो, मी दोन देश पाहिले. एकात हाक आहे आणि माणूस नाही, दुसऱ्यात माणूस आहे आणि हाक नाही. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. पाण्याची वाट मोकळी ठेवा. आणि टळलेल्या संकटाला ते आलंच नव्हतं असं म्हणू नका, ज्यानं ते टाळलं त्याच्यावर हसू नका. तो गेला की पुढच्या वेळी तुम्हाला उठवायला कुणी नसतं.

लोखंडी जाळी बसली आहे. दामिनी तिकडं टेकडीवर पळायचा सराव करते, एका परक्या आजीला पाठीवर घेऊन. इथले मासे गेल्यापासून खेमराज दिवसभर दूरच्या तळ्यावर असतो. रेवताबाई खाटेवर पडून माझा दांडा फिरवते, मी खरखरत इशारा सांगतो, आणि घरात तो ऐकायला तिच्याशिवाय कुणी नाही. बाहेर पुन्हा झड लागली आहे.