पोर्टवरचं नाव

वडिलांच्या, आप्पांच्या, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी समीक्षा शेजाऱ्यांची पातेली परत करून येत होती, तेव्हा अनिलचा फोन आला.

"बाय, जमलं तर ये गो जरा. आप्पांच्या पेटीतला एक दिवा लुकलुकतोय."

पेटी म्हणजे हर्णेच्या मच्छीमार संस्थेचा सर्व्हर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आप्पांनी तो आठ वर्षं सांभाळला होता. त्या एका यंत्राच्या पोटात त्यांनी तीन व्हर्च्युअल मशिनं बसवली होती, म्हणजे हाताला न लागणारे तीन संगणक. एक बर्फाच्या कारखान्याचं, एक डिझेल पंपाचं आणि एक बोटींचं. समुद्रातल्या प्रत्येक बोटीचा ठिपका या तिसऱ्या मशिनच्या पडद्यावर दिसायचा आणि वाऱ्याचा इशारा त्याच्यावरूनच बोटीत पोचायचा.

समीक्षा खेडच्या कॉलेजात असंच काम करायची, मुलांनाही शिकवायची. तिने चपला घातल्या. ती तशीच निघाली.

सचिव अनिल संस्थेच्या दारातच उभा होता. "पाचपर्यंत वारा उठणार म्हणतायत. बारा बोटी बाहेर हायत. आमचा केरू पण त्यातच."

पेटीच्या पाठीला केबल खोचायचे चार पोर्ट होते. खाऱ्या हवेने एक पार गंजला होता, त्याचाच दिवा लुकलुकत होता. त्यात केबल अडकली होती ती नुसती गंजाच्या आधाराने. एकदा बाहेर आली की परत बसायची नाही. प्रत्येक पोर्टखाली आप्पांच्या अक्षरात चिठ्ठी होती. काशी. मथुरा. समीक्षा. चौथा कोरा, रिकामा. गंजलेल्याखाली समीक्षा लिहिलं होतं.

"यावर काय चालतं?"

"मला काय ठाऊक? पडद्यावर तर समीक्षा नावाचं काहीच नाय. लेकीचं नाव हौसेनं चिकटवलंन असेल. काढून टाक वायर."

तिचा हात केबलपर्यंत गेला होता. तो तिने मागे घेतला आणि आधी पडदा पाहिला.

तिन्ही मशिनांना बाहेर जोडणाऱ्या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डांची नावं तिथे होती. सगुणा, जानकी, ईशा.

सगुणा आई. माहेरची काशी, त्या नावाने तिला आता फक्त मामा हाक मारतो. जानकी आजी, माहेरची मथुरा. आप्पांनी खऱ्या पोर्टांना माहेरची नावं दिली होती आणि व्हर्च्युअल कार्डांना सासरची.

ईशा तीच. सहा वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव. नको म्हणून तिने आधीच सांगितलं होतं. सासूबाईंनी ताट पुढे केलं तेव्हा तिने आप्पांकडे पाहिलं, आणि आप्पा मांडवाचा खांब बघत राहिले. नंतर त्यांनी ते नाव एकदाही उच्चारलं नाही. चांगलं म्हणून नाही, वाईट म्हणूनही नाही. ते विसरले, असं तिने धरलं होतं.

आता तिला कसलीच खात्री वाटेना. नावावरून केबल ओढायची नसते, हे ती मुलांना शिकवायची.

डेस्कटॉपवर 'जोड्या' नावाची स्क्रिप्ट होती, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची छोटी फाईल. चालवायच्या आधी तिने ती उघडली. प्रत्येक व्हर्च्युअल कार्ड कुठल्या स्विचला, म्हणजे मधल्या जोडणीला, बांधलंय आणि तो स्विच कुठल्या खऱ्या पोर्टावर बसलाय, एवढंच ती स्क्रिप्ट यंत्राला विचारत होती. अगदी सरळ काम. तिसऱ्या कार्डापाशी आप्पांनी खात्याच्या भाषेत शेरा लिहिला होता:

'बोटींचे मशिन. ईशा म्हणजे आपली समीक्षा. तिला विचारल्याशिवाय हलवू नये.'

तिने ती ओळ वाचली. मग स्क्रिप्ट चालवली. तीन ओळी आल्या.

सगुणा – काशी
जानकी – मथुरा
ईशा – समीक्षा

"काय म्हणतंय?" अनिलने विचारलं.

"बोटी याच वायरवर आहेत, अनिलदादा."

अनिल खुर्चीवर बसला. "आणि मी काढायला सांगत होतो."

तिने चौथ्या पोर्टात नवी केबल लावली. ईशाचा स्विच गंजलेल्या पोर्टावरून सोडवून चौथ्यावर बसवण्याची आज्ञा टंकली. बोटींचा पडदा कोरा झाला. अनिल मनात आकडे म्हणत होता, ओठ हलत होते. मग ठिपके उमटू लागले. चार, सात, अकरा. बारावा केरूचा, सगळ्यांत लांब.

"हाय गो, हाय," अनिल म्हणाला, आणि उठून पेटीच्या मागे गेला. आपणही काही करावं असं त्याला वाटलं असावं. गंजलेल्या केबलवर हात ठेवून तो थांबला.

"आता काढू ना? तुला विचारतोय."

तिने पडद्यावरचे ठिपके पुन्हा एकदा मोजले. अनिल तसाच वाकून उभा राहिला.

"समीक्षा?"

"काढ," ती म्हणाली.

केबलबरोबर पोर्टचा पत्राही तुटून आला. तिने नखाने चिठ्ठी सोडवली, ती चौथ्या पोर्टखाली चिकटवली आणि चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.