साईला वाचायला आलं

साई तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. इंग्रजी शाळेची बस तिला न्हावऱ्याच्या चौकातून सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. घरी आली की पुस्तक उघडून ती धडा घडाघडा म्हणायची. तिची आई शितल मराठी शाळेत दहावी झालेली. पोरीचं इंग्रजी ऐकून तिचा ऊर भरून यायचा.

कळलं ते साईच्या चुलतीला, सुलक्षणाला. ती तळेगाव ढमढेऱ्याची, डी.एड. झालेली, पण शिक्षकभरतीची वाट बघता बघता दत्ताशी लग्न झालं आणि ती या घरची धाकटी सून झाली. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं. एका दुपारी कांदे निवडता निवडता ती साईचा धडा ऐकत बसली होती. साईनं पान उलटलंच नाही, आणि तरी पुढच्या पानावरचं म्हणत राहिली.

सुलक्षणानं मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय गं?"

साईनं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "काकी, मम्मीला नको ना सांगू. ती मारती."

सुलक्षणानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पोरीला घेऊन बसायला लागली. शाळेचं पुस्तक तिनं बाजूलाच ठेवलं. साई जे बोलेल ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचं आणि तिच्याकडूनच वाचून घ्यायचं. पहिलं वाक्य होतं, 'म्हशीनं बादली लवंडली आन् आजी ओरडली.' आपलंच बोलणं कागदावर बघून साई इतकी हसली की तिला उचकी लागली. मग पेंडीच्या पोत्यावरचं नाव झालं, एसटीची पाटी झाली, भिंतीवरच्या जाहिराती झाल्या. साई अडली की सुलक्षणा शब्द सांगायची नाही आणि रागवायचीही नाही, नुसती थांबायची. पावसाळा सरेपर्यंत साई मराठी सलग वाचायला लागली, आणि इंग्रजीतले छोटे छोटे शब्दही जुळवायला लागली.

"वहिनीला सांगून टाक," दत्ता म्हणाला. "दुसऱ्याच्या लेकरात पडू नये."

"दुसऱ्याचं कुठलं? आपलीच हाय की," सुलक्षणा म्हणाली.

थंडीत वडगाव रासाईचे पाहुणे हुरड्याला आले. सासरे आनंदराव, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, त्यांनी साईच्या हातात पेपर दिला. तिनं कारखान्याच्या गाळपाची बातमी सबंध वाचली.

"इंग्रजी शाळंत जाऊन मराठी एवढं चोख?" पाहुण्यांनी विचारलं.

"शाळंनं काय केलं न्हाई," आबा म्हणाले. "परवा पोरगीच सांगत व्हती, वाचताच येत नव्हतं म्हणं तिला. आईला दोन वरसं कळलंबी न्हाई. अक्षर शिकवलं ते ह्या धाकटीनं. हिला सवताचं लेकरू असतं, तर कलेक्टर केलं असतं हिनं!"

पाहुणे हसले. शितल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सुलक्षणानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सकाळी चुलीपाशी शितलनं विचारलं, "कवापासनं ठावं व्हतं तुला?"

"पावसाळ्यापासनं. ताई, ती लई घाबरली व्हती, म्हणून..."

"मला घाबरली. तुला न्हाई घाबरली. आन् तुला ते गोड लागलं."

सुलक्षणानं चुलीतलं लाकूड आत सारलं. गोड लागलंच होतं.

जूनमध्ये साईला दौंडच्या एका निवासी शाळेत घातलं. तिचा बाप विश्वजीत आधी तयार नव्हता, पण शितलनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. जाताना सुलक्षणानं दोन गोष्टींची पुस्तकं पुढं केली. शितलनं ती घेऊन फडताळावर ठेवली. "तिथं मराठी चालत न्हाई," एवढंच म्हणाली.

दिवाळीला साई आली ती वाळून आली होती. काकीला बघून धावली नाही, आईच्या मागं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अंगणात दोघीच असताना सुलक्षणानं नवा दिवाळी अंक उघडला.

"मला नाही वाचायचं. तिथं मराठी बोललं की उभं करतात."

"मग इंग्रजी वाच. मी ऐकते."

"ते पण नको. सगळे हसतात." साई नखानं ओटा खरवडत राहिली. "काकी, मम्मी म्हणली, तुला मुलगी पाहिजे होती म्हणून तू मला शिकवत होतीस. खरं?"

सुलक्षणाला नाही म्हणायचं होतं. ते तोंडातून निघायला जरा उशीर झाला, आणि तेवढ्यात साई उठून आत गेली.

पाडव्याला घर भरलेलं असताना आबांनी पुन्हा पेपर पुढं केला. साईनं तो हातातच घेतला नाही. आबांनी दरडावलं, तशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला येत नाही."

"न्हाई कसं? येत व्हतं की!" आबा सुलक्षणाकडं वळले. "तुझं शिकवणंच कच्चं, सूनबाई. चार महिनं नजरंआड झालं आन् गेलं उडून."

शितल सासऱ्यांपुढं काही बोलली नाही. सुलक्षणानं पेपर उचलून घडी घालून ठेवला. साई मात्र आबांच्या तोंडाकडं बघत राहिली, आपल्यामुळं काकीला बोलणी बसली हे तिला कळलं होतं.

सुट्टी संपली. विश्वजीतनं गाडी काढली. साई मागच्या सीटवर खिडकीकडं पाठ करून बसली, आईनं हात हलवला तरी वळली नाही. गाडी रस्त्याला लागल्यावर शितल गोठ्याच्या भिंतीला टेकली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. सुलक्षणा जवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, आपण दोघी जाऊन तिला घेऊन येऊ. अजून काय बिघडलं न्हाई."

शितलनं हात झटकला. डोळे पुसून ती सरळ उभी राहिली. "आता तरी झालीस ना खूश? ना तुझी ऱ्हायली, ना माझी."

ती घरात गेली. धारेची वेळ झाली होती, म्हशी हंबरत होत्या. सुलक्षणानं बादली उचलली आणि ती गोठ्यात शिरली.