पहिली वडी

दवनीवाड्याहून आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंनी, रामकलीबाईंनी, आल्या दिवसापासून ओसरीतल्या माझ्या कॅलेडियमच्या शोभेच्या झाडांची टर उडवली. गुलाबी पानं, हिरव्या कडा; त्यांना मी ऊन लागू देत नाही, रोज फवारा मारते, हे सासूबाईंना वेड वाटलं. "जे खायले येत नाई, ते कायले पोसून राहिली?" म्हणाल्या. मला टोमणा सहन होत नाही. मी ठसक्यात सांगितलं, ही ऐरीगैरी झाडं नाहीत, कोचईच्याच घराण्यातली आहेत. कोचई म्हणजे आमच्याकडचं अळू. त्याच्या वड्या कराव्यात त्या सासूबाईंनीच. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांच्या हातची वडी माझ्या घशाला एकदाही खाजली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदियातून नव्या कुंड्या घेऊन फुलचूरला घरी आले, तर ओसरीत नुसते देठ उभे होते. आधी मस्तकात तिडीक गेली. मग आतून बेसनाचा आणि चिंचेचा वास आला, आणि मी तशीच आत धावले. ते पान खाल्लं तर जीभ सुजते, लहान मुलाचा श्वासही अडकू शकतो, असं रोपवाल्यानं मला बजावलं होतं. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

रविताचं दप्तर दारात पडलं होतं. माझी सात वर्षांची पोर शाळेतून आली की आधी ताटाकडे धावते. ओट्यावर वड्यांची थाळी होती, रिकामी.

सासूबाई मोरीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुजलेले, तोंडातून लाळ गळत होती. "आई, रवितानं खाल्ल्या का?" मी विचारलं. त्यांच्या घशातून नुसती घरघर आली. मी खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं, पुन्हा तेच विचारलं. त्यांनी परसाकडे बोट दाखवलं. पोर तिथं पडलेली असणार, असंच माझ्या मनात आलं.

परसात रविता नव्हती. उकरलेली ओली माती होती, शेजारी खुरपं. मी हातानं माती उपसली. सगळ्या वड्या तिथं पुरलेल्या होत्या. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार कुणी तरी बडवू लागलं. बाहेरून कडी होती.

रविता रडून लाल झाली होती. "आजीनं मले मारलं. वडी उचलली तं हातावर मारलं, अन् कोंडून ठेवलं." मी तिचं तोंड उघडून जिभेवर बोट फिरवलं, ओठ दाबून पाहिले. काही नव्हतं. मी तिला छातीशी धरून रडले, आणि मग आठवलं की सासूबाई अजून मोरीजवळच आहेत.

दवाखान्यापर्यंत ऑटोत त्यांचा श्वास शीळ घालत होता. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही, या भीतीनं मी त्यांचा हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना आवाज फुटला. मी माफी मागितली, आणि विचारलं की पोर भुकेली घरी येणार होती, तरी आधी स्वतः काऊन खाल्ली.

"कोचई खाजते का नाई, कोणाले ठाऊक? पहिली वडी रांधणारीलेच खावी लागते. मंग घटकाभर थांबावं लागते."

नऊ वर्षं मी त्यांच्या हातच्या वड्या खात आले होते. पहिली कोण खातं, ते मी कधी विचारलं नव्हतं.